मैलापूरचा वारा

"वारा आला का?" व्यासराजांनी तिसऱ्यांदा फोन करून विचारलं आणि रिसीव्हर कानावर घट्ट दाबला, जणू मैलापूरच्या घराच्या गच्चीवरचं कापड फडफडलं तर ते तारेतून ऐकू येणार होतं.

पलीकडे क्षणभर काहीच नव्हतं. मग त्यांच्या पत्नी वसंताबाई म्हणाल्या, "आला."

"नक्की?"

"आला म्हणून सांगटलें की. ठेवा अत्ता."

व्यासराजांनी फोन ठेवला, टाय सरळ केला आणि विमानतळाच्या टॉवरच्या हॉटलाइनचं बटण दाबलं. "धावपट्टी बदलतोय. आत्तापासून पूर्वेकडे."

शेजारच्या खुर्चीवरच्या शर्मिष्ठाने मान वळवली. ती पुण्याहून बदलून आली होती. चार महिन्यांपूर्वी व्यासराजांची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती म्हणाली होती, "सर, तुमच्याशी बोलताना वाटतं, आता घोड्यावरून लखोटा येईल." व्यासराजांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला येऊन राहिलं होतं आणि भाषा सोबत आणल्यावर ती बदलायचं त्यांना काही कारण दिसलं नव्हतं. शर्मिष्ठाशी मात्र ते जमेल तितकं पुणेरी बोलत. पाहुण्याला परकं वाटू नये म्हणून.

"सर, मीटरवर अजून पश्चिमेचाच वारा आहे," ती हळू म्हणाली. "चार नॉट."

"मीटरला मैलापूर दिसत नाही."

हे वाक्य रडारखोलीत सगळ्यांना पाठ होतं. त्या खोलीला खिडकी नव्हती. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे आतल्या माणसाला कुणी तरी सांगावं लागे. सकाळी जमिनीवरचा वारा पश्चिमेकडून येई, म्हणून विमानं पश्चिमेकडे तोंड करून उडत. दुपारी कधी तरी समुद्रावरचा वारा सुटे आणि सगळा कारखाना उलटा फिरवावा लागे. वारा आल्यावर धावपट्टी बदलायला घेतली तर अर्धा तास गोंधळ. येणार हे आधी कळलं, तर सगळं विनासायास.

आणि व्यासराजांना आधी कळे. एकोणीस वर्षांपूर्वी वसंताबाई गच्चीवर जुनी वेष्टी, म्हणजे धोतर, पसरून तिच्यावर तांदळाचे वडाम, आपले सांडगे, वाळत घालत होत्या. तीन कोपऱ्यांवर दगड होते, चौथा मोकळा राहिला होता. समुद्राचा वारा पहिल्यांदा लागला की तो कोपरा उचलून पश्चिमेला उलटतो, हे त्यांच्या लक्षात आलं. तिथून पंचवीस मिनिटांनी तोच वारा विमानतळावर पोचतो, हे व्यासराजांच्या लक्षात आलं. तेव्हापासून वडामांचा हंगाम असो नसो, वेष्टी रोज गच्चीवर असे आणि चौथ्या कोपऱ्यावर कधी दगड नसे. वसंताबाई फोन करत, व्यासराज पंधरा मिनिटं थांबत, रांगेतली विमानं शांतपणे सोडून देत आणि मग धावपट्टी बदलत. हवामानवाले चकित होत. एका वरिष्ठांनी गोपनीय अहवालात 'असाधारण अंतःप्रेरणा' असं लिहिलं होतं. व्यासराजांनी ते खोडून घेतलं नव्हतं.

आज मात्र फोनही त्यांनीच केला होता आणि ते पंधरा मिनिटं थांबलेही नाहीत. आज पाहुणे होते.

भिंतीलगत मांडलेल्या आठ खुर्च्यांवर दिल्लीहून आलेली मंडळी बसली होती. संगणकाच्या साहाय्याने उड्डाण करायच्या नव्या पद्धतीचा आज शुभारंभ होता. आतापर्यंत विमान उडालं की व्यासराजांसारखा कोणी तरी त्याला डावीकडे वळ, उजवीकडे वळ, असं सांगत नेई. आता मार्ग आधीच विमानातल्या संगणकात भरलेला असणार होता. विमान आपलं आपण वळणार होतं. पाहुण्यांतले प्रमुख आशिषसाहेब, वय अडतीस, भिंतीवर मार्गाचं चित्र दाखवत बोलत होते.

"यापुढे माणसाच्या अंदाजावर काहीच राहणार नाही," ते म्हणाले आणि व्यासराजांकडे बघून प्रेमाने हसले. "सरांना आता निवांत कॉफी पिता येईल."

पाहुणे हसले. व्यासराजही हसले. सव्वीस वर्षांत त्यांनी ड्यूटीवर कॉफी प्यायली नव्हती, कारण दोन्ही हात लागत. पाहुणे साडेबाराला जेवायला जाणार होते. तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. मंडळी उठायच्या आत त्यांना अंदाज म्हणजे काय ते एकदा दाखवावं, असं व्यासराजांना वाटलं. एवढंच.

शुभारंभाचं दिल्लीचं विमान पश्चिमेकडे उडायच्या तयारीने निघालं होतं. त्याला मध्येच थांबवून उलट्या दिशेला पाठवलं गेलं. रेडिओवर सहवैमानिक मुलीचा आवाज आला, तरुण आणि जरा धापा टाकणारा. तिने नवी धावपट्टी पुन्हा म्हणून दाखवली. चार मिनिटांनी विमान उडालं.

"बघा आता," आशिषसाहेब म्हणाले.

पडद्यावरचा ठिपका पूर्वेला निघाला. सरळ समुद्रावर जायचं, सात मैलांवर डावीकडे वळायचं, उत्तरेची वाट धरायची. भिंतीवरच्या चित्रात ही रेघ निळ्या रंगात होती. ठिपका तीन मैल निळ्या रेघेवरून गेला आणि उजवीकडे वळू लागला.

आशिषसाहेब चित्राकडे बघत बोलत होते, त्यामुळे त्यांना ते दिसलं नाही. व्यासराजांना दिसलं. रडारच्या पहिल्या फेरीत त्यांनी डोळे बारीक केले, दुसऱ्या फेरीत त्यांचा डावा हात आपोआप माइकच्या बटणावर गेला. विमान दक्षिणेला वळून पश्चिमेकडे परत निघालं होतं. त्याच्या संगणकाने धावपट्टी नवी घेतली होती, पण पुढचा मार्ग सकाळचाच, पश्चिमेचा ठेवला होता. पश्चिमेला बारा मैलांवर बंगलोरचं विमान उतरायला येत होतं. एक चढत होतं, एक उतरत होतं आणि दोघांच्या उंचीत आता जेमतेम पाचशे फुटांचा फरक होता.

"दिल्ली, ताबडतोब डावीकडे वळा, सरळ पूर्वेला. तीन हजार फुटांवर थांबा." व्यासराजांनी श्वास घेतला नाही. "बंगलोर, ताबडतोब डावीकडे, उत्तरेला. पाच हजारांवर चढा. समोर विमान आहे, तुमच्याकडे येतंय."

त्यांचा आवाज चढला नाही. भाजीवाल्याला उद्यासाठी कोथिंबीर सांगावी, तसा तो होता. शर्मिष्ठाने मात्र टेबलाची कड धरली होती. दोन्ही ठिपके दोन फेऱ्या तसेच राहिले, जणू त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. मग एक डावीकडे झुकला. मग दुसरा.

मध्ये पाच मैल अंतर हवं होतं. सव्वातीन उरलं.

"दिल्ली, आता मी सांगतो तसे चला," व्यासराज म्हणाले आणि ते विमान हाताला धरून न्यावं तसं त्यांनी समुद्रावर नेलं.

काय झालं ते पाहुण्यांना कळायला मिनिटभर लागलं. कळल्यावर कोणी तरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. आशिषसाहेबांनी पुढे येऊन व्यासराजांचा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांचे तळवे ओले होते.

पाहुणे जेवायला गेले. खोलीत शांतता झाली. व्यासराज वाऱ्याच्या मीटरकडे बघत बसले. साडेबारा वाजले, मीटर पश्चिमच दाखवत होता. पावणेएक झाला. बारा बावन्नला काटा थरथरला आणि पूर्वेला फिरला.

शर्मिष्ठाने नोंदवहीत वेळ लिहिली.

*

पुढचे दहा दिवस व्यासराजांना आपलं घर गाठायला वेळ लागला, कारण वाटेत सगळे थांबवत. मैलापूरच्या तळ्याजवळ फुलवाल्या गोदाने त्यांना फुकट गजरा दिला. मराठी मंडळात एरवी त्यांच्या भाषेला गालात हसणारे बँकेतले आणि रेल्वेतले लोक आता "आपले व्यासराज" म्हणू लागले. आशिषसाहेबांनी दिल्लीहून कळवलं की प्रशस्तिपत्राचा मसुदा तयार आहे. त्यात 'मानवी दक्षतेचा विजय' असे शब्द होते. शेजारच्या मामींनी ते कापून कपाटाला चिकटवायला कागद मागितला. व्यासराज म्हणाले, "अजून मसुदाच आहे." पण मसुद्याची झेरॉक्स त्यांनी दिली.

वसंताबाईंनी फक्त सांबार नेहमीपेक्षा घट्ट केलं. गच्चीचा विषय व्यासराजांनी काढला नाही. एकोणीस वर्षांत ती एकदा चुकली. माणूस आहे. ज्या गोष्टीने जगाचं काही बिघडलं नाही, ती तिला सांगून तिचा जीव कशाला खायचा.

चौकशी समितीने बोलावलं तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. बाहेरच्या बाकावर एक मुलगी बसली होती. गुडघ्यांवर फाइल, फाइलवर दोन्ही हात. त्यांना बघून ती उठून उभी राहिली.

"सर, मी रुचा. त्या दिवशी रेडिओवर मी होते."

आवाज ओळखीचा होता. आज तो धापा टाकत नव्हता.

"बस, बस. कुठली तू?"

"अकोल्याची. सर, तुम्ही होतात म्हणून..." तिने फाइलचा कोपरा दुमडला आणि सरळ केला. "माझंच चुकलं. धावपट्टी बदलली तेव्हा चार मिनिटं होती. मी संगणकात धावपट्टी बदलली, पुढचा मार्ग तपासायचा राहिला. आतही मी तसंच सांगितलंय."

"कॅप्टन काय म्हणाले?"

"म्हणाले, लवकर कर."

"ते सांगितलंस का आत?"

"नाही सर. बटणं मी दाबली होती." ती जराशी हसली. "लायसन्स जाईल बहुतेक. बाबा म्हणतात, बी.एड. कर."

व्यासराजांनी घड्याळात पाहिलं. बघायचं काही नव्हतं.

आत कृष्णस्वामी एकटेच होते. चौकशीचे प्रमुख, निवृत्तीला आठ महिने, आणि व्यासराजांना तरुणपणापासून ओळखणारे. त्यांच्यासमोर अहवाल जवळजवळ लिहून झालेला होता.

"बस राजा," ते इंग्रजीत म्हणाले. त्यांच्या इंग्रजीतही तमिळचा हेल होता. "एकच औपचारिक प्रश्न. धावपट्टी बदललीस बारा पाचला. वारा आला बारा बावन्नला. मी लिहितो, 'अनुभवाच्या आधारे, वाऱ्याची चाहूल लागल्याने.' बरोबर ना?"

"आणि बाकीचं?"

"बाकी सरळ आहे. मुलीने मार्ग तपासला नाही. ती स्वतः म्हणते."

"वारा आला नव्हता, सर."

"येणारच होता."

"आला नव्हता. मला घाई झाली होती. एरवी मी पंधरा मिनिटं थांबतो, रांग मोकळी करतो. त्या दिवशी थांबलो नाही. चालत्या विमानाला उलटं फिरवलं आणि पोरीला चार मिनिटं दिली. पाहुणे बसले होते म्हणून."

कृष्णस्वामींनी पेन खाली ठेवलं. "मग तुला वारा आला असं कुणी सांगितलं? तुझ्या घरून फोन येतो, हे सगळ्या खात्याला माहीत आहे."

"कुणी नाही."

"फोन?"

"जेवणाबद्दल होता."

कृष्णस्वामींनी अहवाल बाजूला सारला. "हे लिहून दिलंस तर प्रशस्तिपत्र गेलं. कदाचित खुर्चीही जाईल. पाच-सहा महिने तुला नव्या पोरांसोबत वर्गात बसवतील. आणि ती मुलगी महिनाभराच्या सक्तीच्या सुट्टीवर सुटेल. विचार कर. सोमवारी सकाळी दहाला फाइल बंद होते. तोवर कागद परत न्यायचा असेल तर ने, बदलायचा असेल तर बदल."

व्यासराजांनी लिहून दिलं. दोन परिच्छेद, त्यांच्या सरळ, उभ्या अक्षरात. एक प्रत स्वतःकडे ठेवली.

बाहेर येताना बाकावर रुचा होती. ते तिच्याजवळ थांबले.

"बी.एड.चा अर्ज भरू नकोस अजून," ते म्हणाले आणि ताठ मानेने जिना उतरले. किती तरी दिवसांनी त्यांना आपल्या उंचीची जाणीव झाली.

*

वसंताबाईंनी चष्मा लावून प्रत दोनदा वाचली. व्यासराज समोर बसून गार होत चाललेली कॉफी टंबलरातून दबऱ्याच्या वाटीत आणि वाटीतून टंबलरात ओतत होते.

"हें काय लिहिलेत?" त्या म्हणाल्या.

"जें झालें तें."

"फोन जेवणाचा होता म्हणून लिहिलेत."

"तुझें नाव कशाला त्यात? तू काय खात्यात नोकरीस आहेस?"

"म्हणजे मी चुकले असं वाटटलें तुम्हांस. म्हणून झाकटलेत."

व्यासराजांनी ओतणं थांबवलं. "माणूस चुकतो, वसंता. एकोणीस वर्षांत एकदा."

"मी चुकत नाही." वसंताबाईंनी कागद टेबलावर ठेवून तळहाताने सपाट केला. "मी त्या दिवशी गच्चीवर गेलेंच नव्हते."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. व्यासराजांनी टंबलर खाली ठेवला.

"पहिल्या दोन वेळां गेले होते. दोनदां पाहून सांगटलें, नाही आला. तिसऱ्या वेळेस फोन उचलटला तर तुमच्या आवाजात तुम्ही नव्हतात. पाहुणे होते." त्या थांबल्या. "पुन्हा नाही म्हणटलें असतें तर तुमचा चेहरा कसा झाला असता तें मज इथून दिसत होतें. म्हणून आला म्हणटलें. वर न जातां."

व्यासराजांना पडद्यावरचे दोन ठिपके दिसत होते की आणखी काही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

"मग तर अधिकच," ते म्हणाले. "चूक माझी. मीच तुज तिकडे ढकललें. कागदात आहे तें बरोबर आहे."

"बरोबर नाही." वसंताबाईंचा आवाज चढला नाही, पण त्यांनी चष्मा काढला. "एकोणीस वर्षं वारा मी सांगटला. अंतःप्रेरणा तुमची झाली. मी काही बोलले? नाही. तेव्हां बरोबर तें तुमच्या नावावर गेलें. अत्ता चुकलें तेंही तुमच्याच नावावर? मग मी काय केलें इतकी वर्षं? नुसते वडाम?"

व्यासराजांनी कागद उचलून पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"बैसा," वसंताबाई म्हणाल्या. ते बसलेलेच होते. "लिहा. सोमवारपर्यंत बदलतां येतें म्हणटलेत ना?"

त्यांनी खिशातून पेन काढलं, कोरा कागद ओढला आणि वसंताबाई सांगू लागल्या. अमुक तारखेस दोनदा गच्चीवर जाऊन पाहिले, वारा आला नव्हता, तसे कळवले. तिसऱ्या वेळी न पाहता आला म्हणून कळवले. ही चूक माझी. यापूर्वी एकोणीस वर्षांत न पाहता एकदाही कळवले नाही. त्या सांगत होत्या आणि व्यासराज मान खाली घालून लिहीत होते. एका जागी त्यांनी 'खेद वाटतो' असं स्वतःहून घातलं. वसंताबाईंनी ते खोडायला लावलं.

"खेद ती मुलगी भेटली तर तिला सांगेन. समितीस कशाला?"

खाली सहीची जागा आली. नाव लिहून झालं. व्यासराजांचं पेन थांबलं.

"हुद्दा लिहावा लागतो," ते म्हणाले. "गृहिणी लिहूं?"

"गृहिणी वारा सांगते का?"

"मग काय लिहूं?"

"तुम्ही ठरवा. साहेब तुम्ही."

व्यासराजांनी बराच वेळ विचार केला. मग ठळक अक्षरात लिहिलं, 'वारा निरीक्षक, मैलापूर केंद्र'. थोडं थांबून पुढे कंसात 'विनावेतन' असं लिहिलं आणि कागद तिच्याकडे फिरवला.

वसंताबाईंनी चष्मा पुन्हा लावला. वाचलं. त्यांनी व्यासराजांच्या हातातून पेन घेतलं आणि 'विनावेतन' वर एक सरळ रेघ ओढली.

"हें नको," त्या म्हणाल्या. "तक्रार केल्यासारखें दिसतें."

आणि खाली, मोडक्या पण मोठ्या अक्षरांत, सही केली.